सासऱ्यांचं आत्मचरित्र आणि न फुटणारा पेनड्राइव्ह

माझ्या नजरेतून सुटेल अशी चूक अजून जन्माला यायची आहे, असं मी त्या सकाळी कँटीनमध्ये चारचौघांत ठणकावून सांगितलं. सुरक्षा-उपकरणं तपासून प्रमाणपत्र देणारी आमची प्रयोगशाळा. बनवणारा कितीही शपथा घेवो, आम्ही त्याचा माल स्वतः फोडून बघणार, मगच शिक्का!

तपासायला एक पेनड्राइव्ह आला होता. दहा वेळा पासवर्ड चुकला की आतलं सगळं कायमचं पुसून टाकणारा. नियम असा, की चाचणीसाठी त्यात खोटा मजकूर भरायचा. पण माझ्याकडे सासऱ्यांचं आत्मचरित्र होतं! एका बोटानं कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, एकुलती एक प्रत. "जावईबापू, तुम्ही सुरक्षावाले. तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाले होते. म्हटलं, याहून भक्कम जागा कुठली? दिलं आत हलवून!

आणि चहाला गेलो.

परत येतो तो शेजारच्या टेबलावरच्या बाई हसतमुख. "मोकळीच होते, म्हणून तुमची चाचणी उरकून टाकली. दहा चुकीचे पासवर्ड! पेनड्राइव्ह अगदी कोरा झाला बघा!"

माझा चेहराही झाला.

पेनड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीला फोन लावून प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. "पुसलेलं परत आणायची एखादी चोरवाट असेलच ना?"

"छे! अजिबात नाही!" तिथला इंजिनिअर छाती फुगवून म्हणाला.

"अहो, एखादी तरी! पाया पडतो. सासऱ्यांचं आत्मचरित्र गेलंय हो!"

"वा! म्हणजे आमची परीक्षा चाललीय तर! रडणं झकास जमलंय साहेब, पण आम्ही फसणार नाही!"

मला खराच हुंदका फुटला. पलीकडे टाळ्या पडल्या.

मागे आमचे साहेब उभे. "इतका गळा काढूनही कंपनी बधली नाही? सर्वोच्च श्रेणी द्या! सही तुम्हीच करा."

घटस्फोटाच्या कागदावर करावी तशी सही केली.

संध्याकाळी सासऱ्यांसमोर मान खाली घालून सगळं सांगितलं. बायको माझ्याकडे बघेना. सासऱ्यांनी चष्मा पुसला.

"असू द्या, जावईबापू. तुमच्यावरचं प्रकरण आता नव्यानं लिहावंच लागणार होतं. आधी मी तुम्हाला हुशार म्हटलं होतं."