इराणीकाकांची लसूण

आमच्या वाडीतले वसंत परब रोज सकाळी दात घासून झाले की एका काचेच्या बरणीला कान लावायचे. देवाला नमस्कार नंतर. डोळे मिटून, श्वास धरून, चांगली दोन मिनिटं.

"काय म्हणता आज?" मी कुंपणापलीकडून विचारायची.

"निजली हा गो. उठवू नको."

बरणीत लसूण. अख्खे गड्डे, शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, बुडवलेले. लसूण कधी बोलते का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तू कालेजात जातंस म्हणान तुका आयकाक येना नाय."

शेजारचा गोपाळ त्यांच्याच वयाचा आणि जिभेचा तिखट. तो येता-जाता ओरडायचा, "रे वसंता, लसणीक कान लावतंस, तसो कधी बायलेच्या बोलण्याक लावलंस?"

यावर आतून काकांच्या बायकोचा, इंदूकाकीचा, आवाज यायचा, "तेंका सात वर्सां लागतली!"

सात वर्षांचं असं आहे. काका लग्नानंतर महिन्याभरात कुवेतला गेले ते सव्वीस वर्षं तिथेच. एका इराणी कुटुंबाच्या खानावळीत आधी भांडी घासली, मग स्वयंपाकी झाले. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, पाहुण्यासारखे. मालकाची म्हातारी आई, तिला सगळे बीबी म्हणत. तिने त्यांना सीर तोरशी करायला शिकवलं. म्हणजे हीच शिरक्यातली लसूण. झाकण लावायचं आणि सात वर्षं विसरून जायचं. एक दिवस आधी उघडायची नाही. काकांनी एकदा आधी बोट घातलं, तर बीबीने हातातला भाताचा डाव मारला होता बोटावर. ते बोट ते अजून दाखवतात. त्यावर काही दिसत नाही, पण आपण "अरेरे" म्हणायचं असतं.

लोक आखातातून टीव्ही आणतात, सोन्याची चेन आणतात. काका ही कृती घेऊन आले. म्हणून त्यांचं नाव पडलं इराणी.

आणि मग सगळ्याच गोष्टींना सात वर्षं. कुणी मुलीसाठी स्थळ सांगितलं, तर "बरो आसा झील, पण सबूर. सात वर्सां बघा, मगे ठरवा." मुलगी सात वर्षांनी किती वर्षांची होईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात नाही. वाडीचा रस्ता मंजूर झाला तेव्हा सगळे नाचले. काका म्हणाले, "सात वर्सांत होतलो." लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. रस्ता नऊ वर्षांनी झाला.

आता माझ्याविषयी. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. आईने अंगठ्यावर आयुष्य काढलं, बाबांनी सातवीवर. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच. आणि मला तोंडावर खरं बोलायची सवय आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरच्या चुका मी खडू घेऊन दुरुस्त केलेल्या आहेत. काका मला नावाने कधी हाक मारत नाहीत. मी कॉलेजात पाय ठेवला त्या दिवसापासून मी त्यांची "बी.एस्सी."

आठ वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या वर्षाला असताना, काकांनी पहिली बरणी घातली. तोपर्यंत ते नुसते सांगत होते. कायमचे परत आले, आंब्याची कलमं लावली, घर शाकारलं, आणि मग म्हणाले, आता लसूण.

ती कोणासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. सव्वीस वर्षं काका पत्रात लिहीत, आज अमुक जेवलो, बरोबर ती काळी लसूण होती. काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती माझ्या बाबांकडून पत्र वाचून घ्यायची आणि उत्तरात एकच प्रश्न घालायला लावायची: "कशी लागता ती?" काकांना ते कधी सांगता आलं नाही. बाबा म्हणतात, एकदा त्यांनी दोन पानं लिहिली आणि शेवटी लिहिलं, "जमत नाही. बरणी विमानात घेऊ देत नाहीत. कायमचा आल्यावर करून चाखवतो."

तर चाखवायचं होतं.

काकांच्या अटी फार. लसूण नवीच हवी, फाल्गुनातली, साल अजून ओलसर असलेली. जुनी चालत नाही. कट्टा गावच्या बाजारात ते टोपलीपुढे उकिडवे बसून एकेक गड्डा नाकाला लावत होते. विकणारी बाई शेवटी म्हणाली, "काकानू, लसूण घेतास काय सून बघतास?" शिरका बाजारचा चालत नाही. त्यासाठी आधीच माडाची माडी आणून तीन महिने मडक्यात आंबवली होती. मडक्याची बातमी गोपाळला लागली. तो स्टीलचा पेला घेऊन आला आणि कोणी नको म्हणायच्या आत एक घोट घेऊन मोकळा झाला. त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं डॉक्टर बोलवावा लागणार.

"रे वसंता, ही माडी मेली हा!"

"मेली म्हणानच शिरको झालो. आता पेलो धुवन ठेव."

गड्ड्यांची वरची साल काढून, थोडं मीठ, थोडा मध घालून बरणी भरली. तोंडाला फडकं, वर झाकण, वर सुतळी. काकी बाजूला बसून बघत होती. "सात वर्सां म्हणजे मी साठीची होतलंय," ती म्हणाली. "दात रवतले मा माझे?"

"मऊ होता ती. दात नको," काका म्हणाले.

तीन आठवड्यांनी शिमगोत्सवात देवाची पालखी काकांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आली. पंधरा-वीस माणसं बसली होती. कोणीतरी बरणी बघायला मागितली, काकांनी ती कौतुकाने बाहेर आणली. आणि लसूण हिरवी झालेली. साधी हिरवी नव्हे, मोरपिसासारखी निळी-हिरवी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता कोणी बघितलं नसतं तरी मी बोललेच असते, ते सोडा. मी उठले आणि कॉलेजातल्या मराठीत सांगितलं, "हा तांब्याच्या क्षाराचा रंग आहे. आम्लात तांबं विरघळलं की असा रंग येतो. हे विष आहे. हे कोणी तोंडात घालायचं नाही."

गोपाळ म्हणाला, "बरणी तर काचेची आसा. तांबा खयसून इला?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "तुम्हाला केमिस्ट्री कळते का?"

बाबांनी मान ताठ केली. काकी काकांना म्हणाली, "ओता ता. शिकलला चेडू सांगता. तुमच्या बीबीपेक्षा जास्त कळता तेका."

काकांनी एकदा बरणीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग बरणी उचलली, घरामागे फणसाखाली रिकामी केली आणि परत येऊन म्हणाले, "बरा झाला गो, वेळार सांगलंस."

त्या वर्षीची नवी लसूण तोपर्यंत संपत आली होती, शिरकाही संपला होता. दुसरी बरणी पुढच्या फाल्गुनात घातली. तीही हिरवी झाली असणार. पण त्या वेळी काकांनी ती दोन महिने कोणाला दाखवलीच नाही. मला वाटलं, माणूस भ्यालेला आहे.

पदवी झाली, मी तालुक्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. चार वर्षांपूर्वी आम्लांचा धडा शिकवायची तयारी करताना एका पुस्तकात वाचलं, की लसूण आंबटात घातली की कधी कधी हिरवी-निळी होते. लसणीतल्याच गंधकामुळे. त्यात विषारी काही नाही. पुढे रंग आपोआप जातो.

मी ते पान तीन वेळा वाचलं. मग पुस्तक मिटून ठेवलं.

दर दिवाळीला ठरवायची, काकांना सांगून टाकू. फराळाचं ताट घेऊन जायची, शंकरपाळ्यांचं बोलायची, परत यायची. दुसऱ्यांच्या फळ्यावरची चूक पुसायला मला खडू लागत नव्हता, बोटानेही पुसायची. आपली पुसायला हात उचलेना. आणि स्वतःला समजावायची, एक वर्ष उशीर झाला तर काय झालं, लसूण आहेच बरणीत.

गेल्या आश्विनात काकी अंथरुणाला खिळली. पोटात काही राहीना. मी शाळेतून येऊन तिला पेज भरवायची. एकदा दोन चमचे घेऊन तिने तोंड फिरवलं. "चव नाय गो कसलीच. कायतरी आंबट होया होता."

काका दारात उभे होते. ते आत गेले आणि बरणी घेऊन आले. हातात सुरी. सुतळीला सुरी लावली.

"किती रवले?" काकीने विचारलं.

"पाच म्हयने."

"मगे ठेवा ता." तिला धाप लागत होती, तरी हसत होती. "तुमची सव्वीस वर्सां वाट बघलंय. लसणीची पाच म्हयने बघूक काय झाला? बीबी डाव मारीत तुमका."

त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. काकी, थांबू नका. काका, कापा ती सुतळी. पहिली बरणी माझ्यामुळे गेली, ती असती तर गेल्या फाल्गुनातच उघडली असती, तेव्हा काकी चालत-फिरत होती, दोन घास जेवत होती. एवढं सगळं माझ्या तोंडात आलं होतं. मी पेजेचा चमचा धुवायला उठले.

काका बरणी आत ठेवून आले. दोन महिन्यांनी काकी गेली.

या फाल्गुनात, एका दुपारी, काका कुंपणाशी आले. "बी.एस्सी., ये. आज उघडूची आसा."

मला वाटलं वाडी जमली असेल. पायरीवर ते एकटेच होते. दोन पितळ्या, पेजेचा टोप, बरणी. सुतळी कापली, फडकं काढलं. वास लसणीचा नव्हताच. पिकलेल्या फळांच्या खोलीत शिरावं तसा काहीतरी. गड्डे काळे झाले होते, मनुकांसारखे.

मी म्हटलं, "काका, पहिली बरणी चांगली होती. मी चुकले होते. मला चार वर्षांपासून माहीत आहे."

काका झाकण पुसत होते. "माका आठ वर्सांपासून म्हायत आसा."

मी पायरीवर खाली बसले.

"बीबीकडे दर खेपेक हिरवी होय. पयल्या म्हयन्यात. मगे आपसूक जाता."

"मग बोललात का नाही? सगळ्यांसमोर ओतून टाकलीत!"

"सगळ्यांसमोर म्हणानच." त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. "पालखी खळ्यात होती. तुझो बापूस पालखी सोडून तुझ्याकडे बघी होतो. वाडीतला पयला चेडू कालेजात गेलला. तेका मी खोटा पाडू? मी, भांडी घासणारो? तू परत कधी चार माणसांत तोंड उघडलं नसतंस. बरणी काय, फुडल्या वर्सा भरता येता." मग बरणीकडे बघून म्हणाले, "एकच वर्स कमी पडतला, ह्या माका खंय म्हायत होता?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडले नाही, कारण त्यांच्यासमोर रडायचा हक्क मला नव्हता.

त्यांनी एका पितळीत पेज वाढली, वर एक काळा गड्डा ठेवला आणि माझ्यासमोर सरकवली. दुसरी पितळी तशीच कोरडी राहिली.

"तुम्ही?"

"माका चव म्हायत आसा. सव्वीस वर्सां खाल्लंय. माका हंय, ह्या पायरेर बसान, कोणीतरी सांगताना आयकूचा होता."

मी एक पाकळी सोलली. दातांची गरज नव्हतीच. शाळेतली मराठी मला आठवेना.

"आधी आंबट लागता," मी म्हटलं. "मगे जिभेर गोड सुटता. कोकमाची साला उन्हात गुळात ठेवली ना, तशी. मऊ आसा. तिखट गेला हा सगळा. लसूण आसा ह्या गिळल्यार कळता, मागसून, थोडासा."

काका डोळे मिटून ऐकत होते.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश."

मी दुसरी पाकळी घेतली आणि परत सांगितलं.