एकेकाला विचारणारे नाना

आमच्या शेजारच्या भास्करनानांना मिरची विकणं म्हणजे शिक्षा. नंदुरबारात माझा मिरचीचाच धंदा, त्यामुळे ती मी बरीच वर्षं भोगतो आहे. ‘नाना, गोणी वाळलेली आहे,’ असं म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवून अहिराणीत विचारणार, ‘गोनीले का एकेकले?’ मग पथारीवरच मांडी ठोकून एकेक मिरची दाबून बघणार. मागची गिऱ्हाइकं खोळंबली तरी नानांना घाई नाही.

नाना तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, हे संगणकाची स्वतःची भाषा रचायला बसले. सात वर्षं झाली, भाषा एकाच प्रश्नावर अडलेली. तो त्यांनी मला माझ्याच मालावर समजावला. गोणी जड आहे, म्हणून आतली मिरची जड होत नाही. पण गोणी वाळलेली म्हणायची तर आतली प्रत्येक मिरची वाळलेली हवी. मग यादीला, म्हणजे संगणकातल्या गोणीला, लावलेला गुण यादीपाशीच थांबवायचा, की आतल्या एकेकापर्यंत पोचवायचा? बाकीच्या भाषा यात चालढकल करतात, असं नानांचं मत. मी मान डोलावली. गिऱ्हाईक टिकवायला डोलवावी लागते.

माझ्या मुलीच्या लग्नात मात्र या वेडानं माझी लाज राखली. पंगती उठल्या, सगळे जेवले, असं मी जाहीर केलं. नानांनी ‘सगळा का एकेक?’ हा आपला प्रश्न टाकला आणि ते मांडवाबाहेर चालू लागले. मोलगी गावाहून पाहुणे घेऊन आलेला जीपवाला सीटवर उपाशी झोपला होता. नानांनी त्याला उठवून स्वतः वाढलं.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. त्यानंतर नानांचा चेहरा उतरला तो उतरलाच. दाढी वाढली, खानावळीचा डबा अर्धा परत जायला लागला. आम्ही गल्लीतले विचारायचो, बरं आहे ना, आणि उत्तराला न थांबता पुढे जायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या घरात जायची भीतीच वाटायची.

नानांची मुलगी सुमन सुरतेला असते. ती रोज संध्याकाळी फोन करते आणि आई असताना विचारायची तेच विचारते, ‘घरमा सगळा बरा शेतस ना?’ नाना म्हणतात, ‘सगळा बरा शेतस.’ तिनं सुरतेला बोलावलं की हेच उत्तर पुढे करतात. परवा मात्र मी धीर करून नानांच्या घरी जाऊन बसलो होतो. तिचा फोन यायच्या आधी मी चिडवलं, ‘नाना, सगळा म्हंजे कोन कोन?’

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. ‘घर’ नावाची यादी होती. त्यांनी आपल्या भाषेत संगणकाला विचारलं, यातला प्रत्येक जण बरा आहे का? पडद्यावर आलं, हो. मग यादी उघडून दाखवली. आत कोणीच नव्हतं.

‘कोनी नही, म्हंजे आजारी बी कोनी नही,’ नाना म्हणाले. ‘नियमानं बरोबर शे. तेच मले सहन व्हत नही.’

काकूंचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं यादीतून काढलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण मला दुसरंच खटकलं.

‘नाना, तुमनं नाव कोठे शे?’

‘मी ते इचारनारा शे ना. इचारनारानं नाव यादीमा ऱ्हात नही.’

मला रागच आला. जीपवाला शोधून काढणारा हा माणूस स्वतःलाच विसरला होता. आणि मी तरी कुठे विचारलं होतं? मी म्हटलं, लिहा. त्यांनी एका बोटानं ‘भास्कर’ लिहिलं. संगणकानं विचारलं, बरा आहे का?

तेवढ्यात फोन वाजला. सुमननं नेहमीचं विचारलं. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

‘घरमा एकच मानूस शे, बेटा,’ ते म्हणाले. ‘तो बरा नही शे.’