रेणूचे उडीची व परताव्याचे स्वारीची बखर

श्रीगजवदनास नमन. त्याउपरी सहस्रबाहू कार्तवीर्य राजा, ज्याचे नुसते स्मरण केले असता हरवले ते घरी चालत येते, त्यास दुप्पट नमन, कारण या मजकुरात काम त्याचेच आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठमासी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्याचे त्यास ओळखू येईल. त्या राज्यात राजश्री त्र्यंबकराव सोनटक्के म्हणोन गृहस्थ घरोघर फिरोन विजेचे मीटर वाचण्याचे कामगिरीवर होते. त्यांची कन्या रेणू लांब उडीत ऐसी निपुण, की जिल्ह्यात तिजसमोर कोणी टिकले नाही, आणि वाळूत पडली म्हणजे उठता उठता हसावे ऐसी तिची चाल होती. ऐसे असता राजधानीत एक नवाच दरबार उभा राहिला. त्याचे काम हे, की खेळाडू लेकरांची कीर्ती विलायती विद्यापीठांचे कानी घालावी आणि तेथोन शिष्यवृत्ती आणोन द्यावी, आणि त्यापूर्वी मायबापांकडोन नजराणा घ्यावा. दरबाराने अभयवचन दिले, की तीस विद्यापीठांस खेळाचा व्हिडिओ रवाना करू, आणि एकाचाही होकार न आला तर नजराणा सगळा परत. सगळा परत, हे शब्द वाचोन त्र्यंबकराव विरघळले, आणि इथल्या कॉलेजाचे फीसाठी व वसतिगृहासाठी जे द्रव्य बाजूस ठेविले होते, ते उचलोन दरबारी दाखल केले.

मग व्हिडिओचा विषय निघाला, आणि त्र्यंबकरावांचे शालक गजाननराव हे लग्नांचे शूटिंग करण्यात पंचक्रोशीत नामांकित असल्याकारणे, घरचा माणूस असता बाहेर कशास जावे, ऐसे सर्वांनुमते ठरले. गजाननरावांनी जीव ओतिला. आरंभी गणपती आला, मग रेणूचे नाव सोनेरी अक्षरांत गिरक्या घेत आले, मग क्रीडामहोत्सवाचे प्रमुख पाहुणे, त्यांची शाल, त्यांचा नारळ, त्यांचे भाषण, आणि मग एकदाची रेणू धावत आली, फळीवर पाय पडला, देह वर उठला, आणि तेवढ्यात गजाननरावांचे हाताचे सवयीने चहूकडोन गुलाबपाकळ्यांचा वर्षाव होवोन मध्ये मोठा बदाम उघडला, व त्या बदामात रेणू वाळू झटकीत हसताना दिसली. उडी ती दिसलीच नाही. घरच्यांनी तो व्हिडिओ वारंवार पाहोन डोळे पुसले, आणि कोणाचेही ध्यानात काही आले नाही, कारण उडी सर्वांनी मैदानी उभे राहोन आपले डोळ्यांनी पाहिलेली होती, आणि जे मनात आहे ते पडद्यावरही आहे ऐसे वाटणे हा मायेचा जुना रोग आहे.

त्यानंतर दरबाराकडोन फोन येऊ लागले. तेथे पल्लवी मॅडम म्हणोन सल्लागार होत्या, त्यांचा आवाज मोठा गोड. "काका, आणखी एका विद्यापीठाचा नकार आलाय. प्रोफाइल जरा वीक पडतंय. प्लॅटिनम पॅकेज घेतलंत तर आपण परत प्रयत्न करू," ऐसे त्या म्हणत, आणि त्र्यंबकराव फोन स्पीकरवर ठेवीत, की घरात लपवाछपवी नको. हीच मोठी चूक जाहली. एकेक नकार रेणू स्वयंपाकघराचे दारात उभी राहोन ऐकत गेली, आणि मग सकाळी मैदानी जाणे थांबले, मग बूट कपाटावर चढले, आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता ती बोलिली, "बाबा, तिकडच्या लोकांना कळतं हो. आपल्या जिल्ह्यात काय, कोणीही पहिलं येतं." त्र्यंबकरावांस नजराण्याचे दुःख होतेच, वसतिगृहाची मुदत सरत आली होती तेही होते, परंतु लेकीने आपला सोन्यासारखा गुण असा केराबरोबर लोटावा, हे त्यांस सोसेना. ते बसत आणि उठत, पंखा लावीत आणि बंद करीत, जेवता जेवता ताटावरोन उठोन दारात जात, आणि कामावर लोकांचे मीटर दोनदा वाचोनही चुकीचे लिहीत. सौभाग्यवती मंदाकिनीबाईंनी देवापुढे बसोन कार्तवीर्य राजाचा श्लोक सुरू केला, जैसा त्या किल्ली हरवली तरी म्हणत असत, आणि त्र्यंबकराव म्हणाले, "तू श्लोक म्हण, मी जातो," आणि एसटीने राजधानीवर चालोन गेले.

दरबारची कचेरी काचेची, आत हीव भरेल ऐसी थंड. दारावरील बाईंनी सांगितले, "सर मीटिंगमध्ये आहेत, बसा." त्र्यंबकराव कोचावर बसले आणि लागलीच उठले, भिंतीवरील विलायती खेळाडूंच्या तसबिरी पाहिल्या, पाणी प्याले, पुन्हा बसले, आणि पायांचा चाळा थांबेना तेव्हा सवयीने कोपऱ्यातील मीटर वाचोन आले. चहा आला तो निवला. सर आले नाहीत ते नाहीतच. शेवटी हिशेबखात्याचे खामकर म्हणोन कारकून, चष्मा कपाळावर, ऐसे बाहेर आले आणि त्र्यंबकरावांस आत नेवोन संगणकात बहुत वेळ पाहिले. मग त्यांचे मुखावर समाधान पसरले. ते बोलिले, "काका, परतावा बसत नाही तुमचा. तीस ठिकाणी व्हिडिओ जायला लागतो, आणि तीस नकार यायला लागतात. तुमचा तर एकाही ठिकाणी गेलेला नाही. स्टँडर्डमध्ये बसत नव्हता, म्हणून पाठवलाच नाही. म्हणजे नकार शून्य, आणि परतावाही शून्य." आपण दरबाराचे द्रव्य कैसे राखिले, या आनंदात ते होते.

त्र्यंबकराव उभे राहिले. "थांबा. नकार शून्य म्हणजे? पल्लवी मॅडम तर दर महिन्याला नकार सांगायच्या."

"त्या सेल्सला आहेत," ऐसे खामकर बोलिले, जणू यात सर्व आले.

"म्हणजे माझ्या पोरीला कोणी नाही म्हटलेलंच नाही?"

"कोण म्हणणार? पाहिलाय कोणी?"

आता येथे शहाणा पुरुष भांडता, टेबलावर हात आपटता, ग्राहक न्यायालयाचे नाव घेता. त्र्यंबकरावांस मात्र ऐसा आनंद जाहला, की चष्म्याची काच धूसर जाहली. त्यांनी खिशातोन फोन काढिला, घरी लाविला, स्पीकरवर ठेविला आणि खामकरांपुढे धरिला. म्हणाले, "परताव्याचं मग बघू. आत्ता मला जे सांगितलंत, तेवढंच माझ्या मुलीला सांगा. रेणू नाव तिचं." खामकर गोंधळले, इकडेतिकडे पाहिले, परंतु तेही मुलीचे बाप होते. म्हणाले, "ताई, तुमचा व्हिडिओ आम्ही कुठेच पाठवला नव्हता. तुम्हाला कोणी रिजेक्ट केलेलं नाही." त्र्यंबकराव एका पायावरोन दुसऱ्या पायावर होऊ लागले. मग तिकडोन रेणूचा आवाज आला, "पण तुम्ही तरी पाहिलात ना? उडी कशी वाटली?"

"खरं सांगू का ताई," खामकर बोलिले, "उडी दिसलीच नाही. मध्येच गुलाब आले."

तो रेणू हसली. वाळूतोन उठताना हसे तेच हसू, महिनोन्महिने घरात ऐकू न आलेले. "मामा," एवढेच बोलिली, आणि पुन्हा हसू लागली. फोन बंद जाहला. खामकरही हसले, आणि मग आपण काय बोलोन बसलो हे ध्यानी येवोन त्यांनी चष्मा खाली ओढिला.

दिवेलागणीस त्र्यंबकराव घरी दाखल जाहले तो दारात रेणूच्या चपला नाहीत आणि कपाटावर बूट नाहीत. मंदाकिनीबाई देवापुढील दिव्यात तेल घालीत होत्या. विचारिले, "मिळालं का?" त्र्यंबकराव कोचावर बसले आणि बहुत दिवसांत प्रथमच उठले नाहीत. म्हणाले, "नाही. तुझा राजा चुकला. मी पैसे मागत होतो, त्याने भलतंच आणून दिलं."

"मी पैशाचं नाव घेतलंच नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि पोळ्या करावयास आत गेल्या.

येणेप्रमाणे परताव्याची स्वारी समाप्त. पाठवलाच नाही हे दरबाराचे कारकुनानेच कबूल केल्याकारणे, बहुत तगादा करिता दरबाराने निम्मा नजराणा सोडिला. वसतिगृहाची उरलेली भर गजाननरावांनी दोन लग्नांचे कमाईतोन घातली आणि कोणी न सांगता घातली. रेणू तेथे राहोन शिकते, आणि सकाळी वाळूत पडते. तिचे उडीचा दुसरा व्हिडिओ अद्याप कोणी केला नाही. लेखनसीमा.