केवडाबाई साळुंके यांनी दरबार जिन्याखाली आणविला त्याची हकिकत

श्रीगजाननास नमन, नगरदेवतेस नमन, आणि जे दरवाजापर्यंत येऊन तिथूनच माघारी फिरले त्या सकळ जनांसही नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, माघमासी एका नगरीत जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. नगरीचे नाव पुसू नये.

त्या नगरीस पेठा होत्या, रस्त्यांस दिवे होते आणि घरोघर नळास पाणी होते. परंतु हे सारे ऐश्वर्य ओढ्यापर्यंतच. ओढ्यापलीकडे विळे-कोयते घडविणाऱ्या घिसाड्यांची वस्ती, तिथे नळ पोहोचला नव्हता. वस्तीच्या बाया घागरी घेऊन ओढा ओलांडीत, पेठेच्या नळाशी उभ्या राहात, आणि पेठकरणी "आधी आमचं भरू द्या" म्हणोन त्यांस मागे सारीत. मग वस्तीने एकमत करोन ते वर्षी केवडाबाई साळुंके यांस निवडोन दरबारी धाडिले. केवडाबाई बापाच्या भट्टीपुढे भाता ओढीत वाढलेल्या. लहानपणी पोलिओ होऊन पाय लुळे जाहले, तेव्हापासून दोन्ही काखांत कुबड्या. परंतु जिवास स्वस्थता कशी ती ठाऊक नाही, बसल्या जागी कुबडीचे टोक भुईवर टकटक वाजवीत राहायच्या. दरबार मात्र माडीवर भरत असे. जिना दगडी, उभा आणि अरुंद. पहिल्या दरबाराचे दिवशी दोघा चोपदारांनी त्यांस खुर्चीत बसवोन उचलिले, आणि वळणावर खुर्ची कलली, लुगडे गुडघ्यावर गेले, आणि वरून कोणी एक खो-खो हसले. मग त्या आपल्या जागी बसोन लुगडे सारखे करीत होत्या, आणि इतक्यात वस्तीच्या पाण्याचा विषय निघाला आणि "पुढे पाहू" म्हणोन बाजूस पडला. घरी आल्यावर यजमान भागोजी यांनी पुसिले, "काय बोललीस गं दरबारात?" तेव्हा केवडाबाई म्हणाल्या, "काही नाही बोलले. पदर सावरत होते." आणि ते शब्द आपलेच आपणांस ऐसे लागले की पुढला दरबार येईतो त्यांस अन्न गोड लागेना.

पुढला दरबार भरला ते दिवशी पाण्याचा विषय पुन्हा घेणे भाग होते. केवडाबाई सकाळीच येऊन जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या, आणि रंगनाथ चोपदार खुर्ची घेऊन धावत आला आणि म्हणाला, "चला बाईसाहेब, आज नीट धरतो." केवडाबाई म्हणाल्या, "खुर्ची ठेव. बसते मी, पण इथंच. मला उचलायचं नाही." चोपदार घाबरला. "मग दरबाराला काय सांगू?" "सांग, केवडाबाई हजर आहे." मग माडीवर नावे पुकारली गेली, आणि यांचे नाव येताच खालून "हजर!" ऐसा आवाज आला की कबुतरे उडाली. नगरपती मनोहरपंत यांनी कपाळास आठी घातली, आणि मुख्य कारभारी नियम जाणणारे, ते बोलिले, "महाराज, आवाज हजर आहे, व्यक्ती हजर नाही." मग काम सुरू जाहले. वरून अर्धे शब्द खाली येत, अर्धे मध्येच विरोन जात. केवडाबाई मान उंचावोन कान देत, आणि ओढा हा शब्द ऐकू आला की उठू पाहात, आणि पुन्हा बसत, आणि कुबडीची टकटक चालूच. अंगणात आपापल्या कामास आलेली माणसे हळूहळू भोवती जमली. एका म्हातारीने विचारले, "काय ठरलं गं?" तेव्हा या म्हणाल्या, "मला तरी कुठं कळतंय, आजी!"

इतक्यात वर हात मोजणे जाहले, तो वस्तीस पाणी द्यावे म्हणणारे आणि न द्यावे म्हणणारे सारखेच निघाले. आता बरोबरी राहिली तर शेवटचा कौल नगरपतींचा, आणि तो नाही हे सर्वांस ठाऊक. तेव्हा खालून केवडाबाई ओरडल्या, "माझा हात वर आहे! मोजा!" मनोहरपंत म्हणाले, "कोणी पाहिला?" मग खंडेराव जगदाळे उठले. हे वृद्ध, पेठेचे, आपल्या पेठेस पाणी कमी पडेल या भयाने विरोधी हात केलेले. ते बोलिले, "मी पाहून येतो. विरोधात असलो तरी दिसेल तेच सांगेन." आणि कठडा धरीत, पायरीपायरीस थांबत खाली आले. केवडाबाईंचा हात वरच होता, भरोन आला होता, तरी खाली घेतला नव्हता. "दिसला का, काका?" "दिसला गं पोरी." मग खंडेराव वर जाण्यास वळले, एक पायरी चढले, दुसरीवर पाय उचलेना, आणि तिथेच बसले. केवडाबाईंनी काळजीने पुसिले तेव्हा हळूच म्हणाले, "गुडघे गेले माझे. वर पोचलो की दम लागून बोलताच येत नाही. लोकांना वाटतं खंडेराव फार तोलून बोलतात!" केवडाबाईंस हसू आले आणि डोळ्यांस पाणीही आले. मग खंडेराव मान वर करोन ओरडले, "हिचा हात मी पाहिला! आणि मी आता इथंच बसलो. खालचे गैरहजर, तर मीही गैरहजर!"

माडीवर कारभारी यांचा चेहरा उतरला. खालचे हात धरावे तर केवडाबाईंचा एक हात वाढतो आणि पाणी द्यावे लागते. न धरावे तर खंडेरावांचा एक विरोधी हात जातो आणि तरीही पाणी द्यावे लागते. मनोहरपंत संतापोन स्वतः जिना उतरले, आणि काय होते ते पाहावे म्हणोन सारा दरबार त्यांच्या मागोमाग उतरला, आणि अंगणात पाहतात तो लोक दाटीने उभे. त्या इतक्या डोळ्यांपुढे मनोहरपंतांस दुसरे काही बोलता येईना; वस्तीस पाणी देण्याचे ठरले. खंडेराव म्हणाले, "माझा हात विरोधातच लिहा," आणि तसाच लिहिला. मग माणसे माडीवर नेणारा विजेचा पाळणा बसेतो दरबार खालच्या दालनात भरावा, ऐसाही हुकूम जाहला. वैशाखात वस्तीस नळ आला आणि पहिली घागर भरताना बाया एकमेकींस भिजवू लागल्या; केवडाबाई मात्र दाराशी उभ्या राहोन ओढ्याकडे पाहात होत्या, कशापायी ते त्यांचे त्यांस कळेना.

पुढे खाली भरलेल्या दरबारी बुरूडआळीची पुतळाबाई, जन्माची बहिरी आणि मुकी, पुढे येऊन बसली. बोलणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे ती पाहात राहिली, आणि लोक हसले तेव्हा हसली, आणि मग कोणी आपणांकडे पाहात नाही ऐसे जाणोन उठली आणि निघाली. दरबारात केवडाबाईंचे कौतुक चालले होते, नगरपती स्वतः बोलत होते. केवडाबाईंनी ते ऐकिले नाही. त्यांनी कुबड्या ओढल्या आणि भर दरबारातून उठल्या. "अगं, थांब!" म्हणोन हाक मारली, आणि तिला ऐकू येत नाही हे ध्यानी येताच जीभ चावली, आणि उन्हातून तिच्यामागे लगबगीने निघाल्या, आणि वेशीपाशी गाठोन तिच्या खांद्यावर हात ठेविला.

येणेप्रमाणे त्या नगरीचा दरबार जिना उतरला आणि नळ ओढ्यापार गेला. केवडाबाईंच्या जिवास स्वस्थता लाभली नाही. लिहिणाराने जे वर्तले ते लिहिले. अधिक-उणे वाचणाराने पोटात घालावे.