फ्रेश, सेकंड आणि चिंधी

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना तात्या निमगावकर अक्षता टाकायचं सोडून पुढे गेले. अंतरपाटाचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं आणि खिडकीच्या उजेडाकडे ओढलं. पलीकडे उभ्या असलेल्या नवरीला वेळेआधीच नवरा दिसला. भटजी थबकले. तात्या मान हलवत म्हणाले, "दोन तार तुटलेत. सेकंड माल है, भिया." मुलीच्या मामांनी ते भाचीवर घेतलं. पुढचा सगळा मुहूर्त आम्ही मामांना धरून ठेवण्यात घालवला.

तात्या नंदानगरमधले आमचे शेजारी, भिंतीला भिंत. कापड मिलच्या फोल्डिंग खात्यात तपासनीस होते. टेबलावरून ठाण सरकत जायचं, तात्यांची नजर त्यावरून फिरायची आणि मालाची तीन भागांत वाटणी व्हायची. बिनडाग तो फ्रेश, बारीक खोट असलेला सेकंड, हाताबाहेर गेलेली ती चिंधी. खात्यातून घरी येताना ही नजर काढून ठेवायची सोय मिलने केलेली नव्हती. त्यामुळे खजरान्याच्या गणपतीचा लाडू फ्रेश होता, आमच्या शाळेच्या हेडमास्तरीण सेकंड होत्या, आणि बाजारात नव्यानेच आलेला परदेशी कोला म्हणजे 'गॅस भरलेली चिंधी'. मी मराठी शिकवायची, म्हणून मला ते 'बाई' म्हणत. मी कुठल्या ढिगात पडते, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण नवं कापड हातात आलं की अजूनही मी ते आधी उजेडाकडे धरते.

सरकारने देशाची दारं उघडली, त्याच सुमारास तात्यांची मिल बंद पडली. तात्या म्हणाले, "वारा सुटला की असंच होतं, बाई. एक दार उघडतं, दुसरं धाडकन लागतं. बोट आपलं सापडतं." सांवेर रोडला पॉलिथिनच्या थैल्यांच्या कारखान्यात त्यांना काम सांगून आलं होतं. तात्या गेले. मालकासमोर एक थैली उजेडाकडे धरली, "यात उभा ताणाच नाही, आडवा बाणा कुठून येणार?" असं विचारलं आणि दुपारच्या जेवणाला घरी परतले.

घरी सुमनकाकू होत्या. आयुष्यभर त्यांनी दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या: कादंबऱ्या वाचणं आणि तात्यांना गप्प बसवणं. साखरेच्या आजाराने डोळे गेले तेव्हा पहिली गोष्ट सुटली. रिकाम्या बसलेल्या तात्यांनी मग ती ड्यूटी उचलली. मी शाळेच्या कपाटातून पुस्तकं आणून द्यायची आणि रोज दुपारी, पूर्वी भोंगा व्हायचा त्या वेळेला, तात्या वाचायला बसायचे. मिलमध्ये कमावलेला तो आवाज. प्रेमप्रसंगसुद्धा गल्लीच्या टोकाला शेव-परमलच्या गाडीवाल्याला ऐकू जायचे.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी भिंतीला पाठ टेकून ऐकत होते. मीच दिलेली, मी वाचलेली कादंबरी. नायकाचे वडील, अण्णा, तिसऱ्या प्रकरणात हृदयविकाराने जातात, हे मला पक्कं आठवत होतं. पलीकडून तात्यांचा आवाज आला, "आणि मग अण्णा महूला गेले."

मी चक्रावले. आमच्या शेजारची महूची छावणी त्या कादंबरीत कुठेच नव्हती. पुढच्या पुस्तकातली बाळंतीण महूला गेली. त्यानंतरच्या पुस्तकातला क्रांतिकारक फाशीच्या तख्ताकडे ताठ मानेने निघाला आणि तोही महूला पोहोचला.

तात्यांना दारात गाठून मी विचारलं. ते जरा आवाज उतरवून म्हणाले, "रफू करतो थोडं. कोणी मेलं की हिची शुगर वाढते. आमच्याकडे रफूवाले बसायचे, बाई. एक भोक पडलं म्हणून कोणी अख्खं ठाण फेकत नाही."

"पण सगळे महूलाच का?"

"जवळ आहे. हवा चांगली. मिलिट्रीचा दवाखाना आहे. माणसाला आणखी काय लागतं?"

काकूंनीही मला एकदा विचारलं होतं, "काय गं, हल्लीच्या कादंबऱ्यांत महूचं एवढं कसं असतं?" मी छावणीच्या इतिहासाबद्दल काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

या सुखी संसारात काडी टाकली ती मीच. राजवाड्याजवळ एका दुकानात पुण्याहून 'बोलती पुस्तकं' आली होती. अख्खी कादंबरी कॅसेटवर, नाटकात काम केलेल्या माणसाच्या आवाजात. महिन्याची वर्गणी भरायची आणि हव्या तेवढ्या कॅसेटी न्यायच्या. मी हे सांगताच काकू ताठ बसल्या. "आणून तर बघू."

तात्यांचा चेहरा पडला. "का? माझ्यात काय खराबी आहे?"

"तुम्ही प्रेमप्रसंग वाचता तरी वाटतं गेटवर युनियनची सभा चाललीये."

तात्या मला घेऊन दुकानात गेले. गल्ल्यावरचा पोरगेला मालक म्हणाला, "अंकलजी, मेंबर बन जाओ. महीने भर जित्ता सुनना हो, सुनो."

"और खराब निकला तो?"

"किताब है अंकलजी, खराब क्या निकलेगी?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. या पोराने अजून ठाण बघितलेलं नाही, असा त्या बघण्याचा अर्थ होता. शेवटी ठरलं की एक कादंबरी आठवडाभर तपासायला न्यायची. फ्रेश ठरली तर वर्गणी, नाहीतर राम राम.

माझा टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे गेला आणि तपासणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तात्यांना वाचणाऱ्याचा श्वास ऐकू आला. "डाग!" दुसऱ्या दिवशी ऐन भांडणात कॅसेटची बाजू संपली. "बघ, ताणा तुटला!" तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दा काढला की हा माणूस चहाला उठत नाही, म्हणजे याचं मन वाचण्यात नाही.

"तुम्ही दर दोन पानांनी उठता," काकू म्हणाल्या.

"तुला हुंकार द्यायला वेळ मिळावा म्हणून. याला तुझा हुंकार ऐकू येतो का? विचार त्याला काही!"

काकू हसल्या आणि पुन्हा कान देऊन ऐकू लागल्या. तात्या बाजूला बसून होते. त्यांचे हात मांडीवर तसेच पडलेले. मिलच्या फाटकाला कुलूप पडल्यावर माणसं काही दिवस फाटकासमोर येऊन बसायची, तेव्हा त्यांचे हात असेच असायचे.

आठवड्याच्या शेवटी मी टेपरेकॉर्डर न्यायला गेले. तात्यांनी निकाल द्यायचा होता. खोटं बोलणं सोपं होतं. काकूंनी मुकाट्याने मान्यही केलं असतं. पण चांगल्या मालावर सेकंडचा शिक्का त्यांनी कधी मारला नव्हता. खाली बघत ते म्हणाले, "फ्रेश आहे, बाई. कुठेच खोट नाही. भरतो वर्गणी."

"आधी शेवट तर ऐकू द्या," काकू म्हणाल्या.

शेवटची कॅसेट लागली. नायिका अंथरुणाला खिळलेली, खोकत होती. त्या कसलेल्या आवाजाने खोकला असा काही काढला की मीच पदर तोंडाला लावला. तात्यांची चुळबुळ सुरू झाली. पुढे काय होतं ते पुस्तकं वाचून त्यांना कळू लागलं होतं. त्यांनी हळूच हात पुढे केला आणि बटण दाबून टेप पुढे पळवली. थांबवली तेव्हा कादंबरीतल्या अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती.

"मधलं काय झालं?" काकूंनी विचारलं.

तात्यांनी घसा साफ केला. "महूला नेली तिला."

"अहो, एवढ्या खोकल्यात?"

मला हसू आवरेना. काकूही हसत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या. "माझे डोळे गेलेत. लहानपणी वाचलेल्या कादंबऱ्या नाही गेल्या. कोण कुठल्या पानावर मरतं, सगळं पाठ आहे मला."

तात्यांनी टेप बंद केली. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढी धडपड करून पोचवून येता. मी त्यांना परत कशाला आणू?" मग चाचपडत त्यांनी स्वतःच्या पातळाचा काठ हातात घेतला. "तुमच्या मिलच्या दुकानातून जन्मभर मला सेकंडचंच पातळ आणलंत. एकतरी लवकर फाटलं का? जा, त्या कॅसेटी परत करून या. आणि उद्या वेळेवर बसा."

तात्यांनी कॅसेटी परत केल्या. मालकाने विचारलं, "क्यों अंकलजी, पसंद नी आया?" तात्या म्हणाले, "माल फ्रेश है. अपने घर में चलता नी." त्या दिवशी येताना त्यांनी मला जिलबी खिलवली आणि चक्क तिच्यात खोट काढली नाही.

पुढे काकू गेल्या. दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले. भिंतीपलीकडे दुपारी शांतता असायची. पुस्तक हवंय का, असं एकदोनदा विचारलं तर तात्या म्हणाले, "कोणासाठी?" मग एक दिवस ते टेपरेकॉर्डर मागायला आले. खाली बघत म्हणाले, "वर्गणी भरली, बाई."

त्या दुपारी मी वह्या तपासत बसले होते. पलीकडून त्याच कसलेल्या आवाजात तीच कादंबरी ऐकू येऊ लागली. बऱ्याच वेळाने खोकला सुरू झाला. खट् करून टेप बंद झाली.

मग तात्यांचा आवाज आला, मिलमध्ये कमावलेला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "दुपारनंतर तिला जरा बरं वाटू लागलं. संध्याकाळच्या गाडीने ती महूला निघाली."

थोडं थांबून, एकदम हळू, हुंकाराला जागा ठेवून ते पुढे म्हणाले, "तिथं आता आपलं माणूस आहे. सोय होईल."