कोर्सवाले दिगंबरभाऊ

आमच्या शेजारचे दिगंबरभाऊ जिंतूरला मुलगी बघायला गेले, ते काखेत सर्टिफिकेटांची फाईल घेऊनच. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "शेती किती?" भाऊंनी फाईल उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. पोह्यांच्या बशा आल्या, तोवर सगळ्या सतरंजीवर कागद पसरले होते. लग्न काही जमलं नाही. परत आल्यावर मला म्हणाले, "वैनी, सोयऱ्यायला वाचायचीच सवय न्हाई. कागूद बोलतो, पन ऐकनारा पायजे."

ते परभणीला टेलिफोनच्या इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत होते आणि जोडीला कोर्स. टायपिंगचा झाला, रेडिओ दुरुस्तीचा झाला, मग कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा. पेडगावहून सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी परत.

आमचं घरापुढं खताचं दुकान. आमचे हे गल्ल्यावरून चिडवायचे, "दिगंबर, आज कोनता कोर्स?" भाऊ रागावत नसत, उलट शिकवायला बसत. एकदा त्यांनी सुतळीनं तीन पोती एकमेकांना बांधली. "हे तीन कॉम्प्युटर समजा." तेवढ्यात गिऱ्हाइकानं एक पोतं ओढलं, तर बाकीची दोन मागं घसरत आली. हे ओरडले, पण भाऊ खूश. "बघा, जोडनी लय पक्की हाय!" मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तेवढं मला त्या पोत्यांवरून कळलं.

डिप्लोमा संपला. बरोबरीची मुलं एकही जादा कोर्स न करता पुण्या-औरंगाबादला नोकरीला लागली. भाऊंनी परभणीत आणखी एक कोर्स लावला.

"कागदं जमवून पतंग करायलास का? अर्ज कर की," हे म्हणाले. भाऊ फाईल काखेत मारून घरी निघून गेले.

घरात ते आणि त्यांची आई, सरूकाकू, दोघंच. काकूंना अजिबात ऐकू येत नाही. संध्याकाळच्या एसटीला उशीर झाला, की त्या फाट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. नोकरी लांब लागणार. आणि लांबून आईला फोन तरी कसा करायचा? म्हणून परभणीतले कोर्स.

शेवटी काकूंनीच भाऊंची पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली. "जा म्हनते ना! मी काय तान्हं लेकरू हाव?"

पुण्याच्या मुलाखतीत डिप्लोमा सगळ्यांकडंच होता. साहेबांनी फाईल चाळली, कॉम्प्युटर जोडायच्या सर्टिफिकेटापाशी थांबले आणि तारा पुढं टाकल्या. भाऊ सांगत होते, "करून दाव म्हनले, वैनी. कागूद दारापस्तोर बोलला. फुडं मलाच बोलावं लागलं." नोकरी लागली.

आमच्या दुकानात तेव्हा नुकताच फोन आला होता. जायच्या आदल्या दिवशी भाऊ त्याच्या तारेशी खटपट करत बसले. भिंतीला भोक पाडून वायर पलीकडं नेली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर एक बारकासा लाल दिवा बसवला. निघताना मला बजावलं, "वैनी, संध्याकाळी सातला घंटी वाजली तर उचलू नका."

आता रोज सातला घंटी वाजते. हे माझ्याकडं बघतात, मी मान हलवते, कुणी उचलत नाही. घंटी वाजते तोवर पलीकडं दिवा लुकलुकतो. काकूंचं भाकरी थापणं थांबतं आणि त्यांचा मोठा आवाज भिंतीतून इकडं येतो, "जेवलास का रे, दिगू?"