देशमुख अण्णांची बेगम

देशमुख अण्णा आपल्या कुत्रीला ‘आप’ म्हणत. तिचं नाव बेगम. जात पामेरियन, रंग पांढरा, आकार उशीएवढा. तिला खाली बसवायचं तर अण्णा अदबीनं म्हणत, "तशरीफ रखिए." बेगम बसे. सिडकोतल्या आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना ‘अबे’ करतात, तेव्हा हे ऐकायला मी कुंपणाशी उगाच रेंगाळायचो.

अण्णा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर कारभार मराठीत आला आणि अण्णांनी तहसिलीत जन्मभर मराठीतच खर्डेघाशी केली. काकू गेलेल्या, मुलगी पुण्याला.

"हिच्याशी मराठीत का नाही बोलत?" मी एकदा विचारलंच.

"मराठीत बोलायला तुम्ही हायत की," म्हणत अण्णा स्वतःच्या कंगव्यानं तिची शेपटी विंचरू लागले. त्यांना टक्कल होतं. कंगव्याला काहीतरी काम हवंच होतं.

एका उन्हाळ्यात खुलताबादहून निरोप आला. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र यूसुफभाई अत्यवस्थ होते. बेगमला माझ्या हवाली करून अण्णा एसटीनं निघाले.

"उन्हात नेऊ नका, अंगावर लई केस हायत तिच्या. ओल्या फरशीवर निजवा. दूधपोळी द्या."

बेगम दूधपोळीला तोंड लावीना. "जेव गं बाई," म्हणून मी हातापाया पडलो. बायकोनं वर तूप सोडलं. बया ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा माझं धाबं दणाणलं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. मी आधी यूसुफभाईंची चौकशी केली.

"ठीक हाय सगळं. बेगम जेवली का?"

मी खरं ते सांगितलं.

"रिसीव्हर तिच्या कानाला लावा."

लावला. "बेगम, नोश फरमाइए," एवढं ऐकलं मात्र, बेगम उडी मारून ताटलीकडे पळाली. हे सांगायला मी रिसीव्हर कानाला लावला, तर अण्णा बोलतच होते.

"यूसुफ चले गए, बेगम. आज सुबह मिट्टी दी. अब हम किससे बात करें?"

मला ‘ठीक हाय’ म्हणणारा माणूस तिकडे रडत होता. बेगम मिटक्या मारण्यात दंग.

"सुन रही हैं ना आप?"

"जी," मी हळूच म्हणालो.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग अण्णा पुन्हा बोलू लागले, उर्दूतच. मला निम्मंच समजत होतं. मी खुर्ची ओढली आणि ऐकत राहिलो.